शेवटावर अंमल कोणाचा?

भयपट आणि भविष्यकाळाचे काळेकुट्ट चित्र रंगविणारे डिस्टोपियन थरारपट, या दोन जातींच्या चित्रपटांविषयी आपल्याकडील सुशिक्षित समाजाचे मत फारसे अनुकूल नाही. पहिल्या जातीला तो पोरकट समजतो, दुसरीला विक्षिप्त, आणि दोहोंचा प्रेक्षक अभिरुचीच्या बाबतीत काहीसा मागासलेला असावा असा त्याचा सोयीस्कर ग्रह असतो. हा ग्रह सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण या प्रकारात दर वर्षी जो माल बाजारात येतो त्याचा बारा आणे भाग खरोखरच टाकाऊ असतो, आणि हे चित्रपट हौसेने पाहत आलेल्या माझ्यासारख्याला त्याची खात्री इतरांहून अधिक असते. परंतु उरलेल्या चार आण्यांत जे सापडते ते अन्यत्र क्वचितच सापडते, आणि ते का सापडते याचा विचार करता करता मी अशा मतास आलो आहे की, या दोन्ही जातींच्या चित्रपटांचे खरे मोल त्यांच्या अखेरच्या दहा मिनिटांत ठरते, आणि ती दहा मिनिटे कशी असावीत याचा हुकूम बहुतेक वेळा दिग्दर्शकाच्या प्रतिभेकडून सुटत नसून ज्याने भांडवल पुरविले त्याच्या कचेरीतून सुटत असतो.

शेवटाला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. प्रेमकथेचा शेवट फसला तर रसिक हळहळतो, पण आधीच्या दोन घटकांत मिळालेला आनंद त्याच्यापासून कोणी हिरावून घेत नाही. भयकथेचे तसे नाही. भयकथा ही मुळात एक फिर्याद असते. जगात काहीतरी भयंकर अन्याय्य आहे, आणि त्याविरुद्ध दाद मागावी असे ठिकाण कोठे दिसत नाही, हे ती पावणेदोन तास पुराव्यानिशी मांडीत असते, आणि शेवट हा त्या फिर्यादीचा निकाल असतो. निकालाच्या क्षणी कोठूनतरी कनवाळू सरकार अवतीर्ण होऊन सर्वांचे अश्रू पुसू लागले, तर आधीचा सगळा पुरावा खोटा ठरतो आणि आपण उगाच भ्यालो अशी प्रेक्षकाची समजूत होऊन तो स्वस्थ चित्ताने घरी जातो. ज्या भयपटाने प्रेक्षकाला स्वस्थ चित्ताने घरी पाठविले, त्याने आपले काम केले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताच्या पुष्टीसाठी एकाच कादंबरीपासून निघालेल्या दोन चित्रपटांची हकीगत सांगतो. हे करताना शेवट फोडण्याचा दोष पत्करणे भाग आहे, कारण विषयच शेवटांचा आहे. रिचर्ड मॅथेसन या अमेरिकन लेखकाची ‘आय ॲम लेजंड’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. एका साथीने सारी मानवजात रक्तपिपासू होऊन गेली असता मागे उरलेला एकटा मनुष्य दिवसा त्या रोगग्रस्तांना हुडकून मारीत हिंडतो आणि रात्री दारे-खिडक्या बंद करून त्यांच्या आरोळ्या ऐकत बसतो, अशी तिची कल्पना आहे. परंतु तिचे मर्म शेवटी आहे, जेथे या मनुष्याला उमगते की, रोगासह जगावयास शिकलेल्या नव्या समाजाच्या लेखी आता राक्षस कोणी असेल तर तो आपणच.

या कादंबरीपासून स्फूर्ती घेतल्याचे जॉर्ज रोमेरो याने स्वतः मान्य केले आहे. रोमेरो हा पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट काढून पोट भरणारा तरुण. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी प्रारंभी दहा जणांकडून प्रत्येकी सहाशे डॉलरांची वर्गणी गोळा केली, आणि अखेरपर्यंत सुमारे एक लाख चौदा हजार डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल चित्रपट १९६८ साली उभा केला. पुन्हा उठून चालू लागलेली प्रेते एका शेतघराला वेढा घालतात आणि आतील माणसे आपसांत भांडत एकेक करून मरतात, एवढेच त्याचे कथानक. त्यातील बेन नावाचा नायक, ज्याची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णी नटाने केली होती, तळघराच्या आश्रयाने ती रात्र निभावून नेतो. सकाळी मदतीसाठी शेरीफची बंदूकधारी माणसे येतात, खिडकीत कोणीतरी हालताना पाहतात, आणि त्यालाही प्रेतच समजून कपाळात गोळी घालतात. प्रेतांनी जे केले नाही ते बंदोबस्तास आलेल्यांनी केले. शेवट अधिक सुखकारक करावा अशी सूचना अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या वितरक संस्थेकडून आली असता रोमेरोने ती मानली नाही, आणि ती न मानणे त्याला परवडले, कारण त्याच्या डोक्यावर कोणा मोठ्या सावकाराचे कर्ज नव्हते. पुढे दुसऱ्या वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना गाळली, त्यामुळे त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्कच बुडाला, आणि ज्याने जग गाजविले त्या चित्रपटाची मिळकत वाटेल त्याने खाल्ली. निर्धनाला स्वातंत्र्य मिळते ते असे, दुसऱ्या हाताने दंड वसूल करून घेऊन.

आता त्याच कादंबरीचे नाव धारण करणारा २००७ सालचा चित्रपट पाहावा. विल स्मिथसारखा नट, ओसाड पडलेल्या न्यूयॉर्कची थक्क करून सोडणारी दृश्ये आणि पंधरा कोटी डॉलरांच्या आसपासचा खर्च, असा त्याचा थाट होता. त्याचा प्रथम चित्रित झालेला शेवट मॅथेसनच्या आशयाशी बराचसा इमान राखणारा होता. रोगग्रस्तांचा म्होरक्या नायकाच्या प्रयोगशाळेवर चालून येतो तो आपल्या सहचरीला सोडविण्यासाठी, हे नायकाला कळते, आणि भिंतीवर लावलेली आपल्या बळींची छायाचित्रे पाहून त्याची मान खाली जाते. हा शेवट चाचणीच्या खेळांतील प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून नवा चित्रित करण्यात आला, ज्यात नायक हातबॉम्बने स्वतःसह शत्रूंचा संहार करतो, त्याने शोधलेले औषध सुरक्षित स्थळी पोहोचते आणि मानवजात तरते. राक्षस कोण, हा प्रश्न निकालात निघाला, कारण तो विचारलाच गेला नाही. पंधरा कोटी डॉलर ज्यांनी गुंतविले त्यांच्या बाजूने पाहिले तर यात नवल नाही. एवढ्या रकमेची वसुली व्हावयाची तर चित्रपट सर्व खंडांतील सर्व वयांच्या माणसांना मानवला पाहिजे, आणि सर्वांना मानवेल असा निकाल फिर्यादीला न्याय देणारा असेलच असे नाही.

दिग्दर्शकांना हा व्यवहार कळत नाही असे नाही. फ्रँक डॅराबॉन्ट याने स्टीफन किंगच्या लघुकादंबरीवरून २००७ सालीच ‘द मिस्ट’ काढला, तेव्हा एका निर्मात्याने शेवट बदलण्याच्या अटीवर तीन कोटी डॉलर देऊ केले होते. ते नाकारून त्याने सुमारे एक कोटी ऐंशी लाखांत चित्रपट पुरा केला, पण शेवट राखला. धुक्यातील अक्राळविक्राळ प्राण्यांपासून पळणारा बाप, मोटारीत पाच माणसे आणि पिस्तुलात चार गोळ्या असताना, आपल्या लहान मुलासह इतर चौघांची ‘सुटका’ करतो, आणि मग स्वतः मृत्यूची वाट पाहत बाहेर उभा असता धुक्यातून सैन्याचे रणगाडे येतात. येथे मदत येते, हे विशेष. आणि ती येते म्हणूनच तो शेवट असह्य होतो. चित्रपटसृष्टीच्या इतिहासात एका शेवटाची किंमत इतक्या रोकड स्वरूपात क्वचितच आकारली गेली असेल.

याच्या उलट प्रकार ओरेन पेली याच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा. सॅन दिएगो येथील स्वतःच्या राहत्या घरात सुमारे पंधरा हजार डॉलरांत काढलेल्या या चित्रपटात भुताचे दर्शन जवळजवळ नाही. शयनगृहात रात्रभर चालू ठेवलेला कॅमेरा आणि किंचित हालणारे दार, एवढ्यावर सारी भीती तोललेली आहे. २००७ साली महोत्सवात तो दाखविला गेला तेव्हा झपाटलेली नायिका शेवटी पोलिसांच्या गोळीस बळी पडत असे. मोठ्या स्टुडिओच्या हाती गेल्यावर, स्टीव्हन स्पीलबर्ग याच्या सूचनेवरून, शेवट बदलला. पोलीस गेले, नायिका जिवंत राहिली, आणि पुढील भागांची सोय झाली. २००९ साली सर्वत्र प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने एकोणीस कोटी डॉलरांहून अधिक मिळविले, तेव्हा व्यापाराच्या हिशेबात स्पीलबर्गची मसलत अचूकच ठरली. पण पंधरा हजारांत जी निष्ठुरता परवडली ती स्टुडिओच्या वैभवात परवडेनाशी झाली, हेही खरे.

भविष्यकालीन थरारपटांचे दुर्दैव असे की, ते स्वभावतःच खर्चिक. नवे शहर, नवी वाहने, नवे राज्ययंत्र उभारावयाचे म्हणजे सावकाराच्या ओसरीवर जाणे आलेच. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’ला १९८२ साली प्रदर्शनापूर्वी नायकाचे निवेदन आणि हिरव्यागार डोंगरांतून प्रेमी युगुल निघून जाते असा शेवट चिकटविण्यात आला, आणि त्या शेवटासाठी कुब्रिकच्या ‘द शायनिंग’मधून उरलेली निसर्गदृश्ये वापरण्यात आली, अव्याहत पावसाच्या त्या काळवंडलेल्या नगरीला एवढा रम्य परिसर इतक्या जवळ असता तेथे कोणी का राहत होते, हे कोणी विचारले नाही. १९९२ सालच्या आवृत्तीत हे ठिगळ काढण्यात आले.

या जातीत माझा जीव जडला आहे तो टेरी गिलियमच्या ‘ब्राझील’ या १९८५ सालच्या चित्रपटावर. त्यातील सर्व अनर्थ टंकलेखन यंत्रात एक माशी पडल्यामुळे ओढवतो. वॉरंटावर ‘टटल’ऐवजी ‘बटल’ असे नाव उमटते, शिपाई छत फोडून भलत्याच गृहस्थाला पकडून नेतात, आणि त्याच्या भेदरलेल्या बायकोकडून नवरा ताब्यात घेतल्याच्या पावतीवर रीतसर सही घेतात. हे राज्य क्रूर आहे असे म्हणण्यापेक्षा ते दप्तरशुद्ध आहे असे म्हणणे अधिक योग्य. तेथे मनुष्य मेला तर चालतो, पण नोंद अपुरी राहिलेली चालत नाही. अर्ज, नक्कल, शेरा, तारीख यांच्या चक्रात ज्याने एकदा तरी सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्याला या चित्रपटातील विनोद फार काळ हसवीत नाही. शेवटी नायक सुटला असे आपल्याला वाटते. पण ती सुटका त्याच्या भ्रमिष्ट मनातच घडलेली असून तो छळाच्या खुर्चीतच बसलेला असतो. युनिव्हर्सल कंपनीला हा शेवट पसंत नव्हता. तिने प्रेमाचा विजय होईल अशी वेगळी आवृत्ती तयार करविली, तेव्हा गिलियमने एका चित्रपटविषयक वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन कंपनीच्या प्रमुखाला आपला चित्रपट केव्हा प्रदर्शित करणार असा जाहीर सवाल केला, आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्या वर्षाचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याची निवड केल्यावर कंपनीला नमते घ्यावे लागले. दप्तरशाहीविरुद्ध काढलेला चित्रपट दप्तरशाहीशी झुंजूनच बाहेर पडला.

माझ्या सिद्धांताला अपवाद आहेत, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. ‘चिल्ड्रेन ऑफ मेन’ हा अल्फोन्सो क्वारोनचा २००६ सालचा चित्रपट कोट्यवधी डॉलर खर्चूनही कोणाची समजूत घालीत बसत नाही. परंतु चित्रपटगृहांतून त्याचा खर्च निघाला नाही, यावरून त्याच्या वाटेने पुन्हा कोणी का जात नाही याचा उलगडा होतो. जॉर्डन पील याने ‘गेट आउट’मध्ये, ४५ लाख डॉलरांच्या माफक भांडवलात काम करीत असताना, नायकाला पोलीस पकडतात हा आधीचा शेवट काढून त्याला मित्राकरवी सोडविले. पण पोलिसी दिवे चमकताच प्रेक्षकांचा श्वास अडखळतो, म्हणजे रोमेरोने या चित्रपटाच्या ४९ वर्षे आधी दिलेला निकाल प्रेक्षकाने मनात आधीच वाचलेला असतो. पीलला तो उच्चारण्याची गरज राहिली नव्हती. सुखान्त वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. तो कोणी आणि कशासाठी ठरविला, एवढेच मी विचारतो.

आणि निर्धनता म्हणजे धैर्य, असेही समीकरण नाही. आपल्याकडील रामसे बंधूंनी ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून ‘पुराना मंदिर’पर्यंत किती थोडक्यात संसार केला हे प्रसिद्ध आहे, एक भाऊ पटकथा लिही, दुसरा कॅमेरा चालवी, तिसरा ध्वनी सांभाळी आणि दोघे दिग्दर्शन करीत. तरीही त्यांच्या सैतानाला शेवटी त्रिशूळापुढे नमावेच लागे. तेथे सावकाराचा दाब नव्हता, प्रेक्षकांच्या सवयीचा होता, आणि हा दुसरा धनी पहिल्याहून कमी जुलमी नसतो. याउलट विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या २०१७ साली प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटात उसाच्या फडाने वेढलेल्या घरात गर्भवती नायिकेला भिववितात ती भुते, पण घात करावयास टपलेली असतात ती मुलगी नको म्हणणारी जिवंत माणसे. तेथे भुतापेक्षा रूढी भयंकर ठरते, आणि हे म्हणावयास मोठे भांडवल लागले नाही. या चित्रपटाची ‘छोरी’ ही हिंदी आवृत्ती पुढे त्याच दिग्दर्शकाने काढली, म्हणजे ही फिर्याद मराठी मुलखाबाहेरही ओळखीची निघाली.

म्हणून आज थोड्या पैशांत भयपट काढू पाहणाऱ्या मराठी तरुणांना एका हौशी प्रेक्षकाची एवढीच विनंती आहे की, नट, स्थळ, संगीत, चित्रीकरणाचे दिवस, या सर्व बाबतींत निर्मात्याशी खुशाल तडजोड करावी, कारण अडचणीतून मार्ग काढणे हेच या प्रकाराचे जुने भूषण आहे. परंतु करारनाम्याच्या मसुद्यात शेवट कोण ठरविणार हे कलम प्रथम वाचावे, आणि त्यावर आपला अंमल राहत नसेल तर मिळणारी रक्कम कितीही मोठी दिसली तरी सही करू नये. दरिद्री दिग्दर्शकाजवळ विकण्यासारखी तेवढी एकच वस्तू असते, आणि ती एकदा विकली की उरलेला चित्रपट कोणीही काढला असता तरी चालले असते.