प्रयोगाला पुरावा, पगाराला का नाही?

बारावीच्या परीक्षा आटोपल्या की नगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अभियांत्रिकी प्रवेशाच्या मार्गदर्शन मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. मंडपाच्या एका बाजूला गलेलठ्ठ पगारांचे आकडे आणि नोकरी लागलेल्यांची छायाचित्रे असतात. दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांनी मांडलेले भौतिकशास्त्राचे प्रयोग. तांब्याच्या नळीत सोडलेले चुंबक धाडकन न पडता संथपणे खाली उतरते. चुंबकाच्या हालचालीने नळीत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच त्याच्या पतनाला विरोध करतो, हे विद्यार्थी समजावून सांगतो. कोणाला शंका आलीच, तर नळी आणि चुंबक त्याच्याच हाती देतो.

एकाच मंडपात सत्याच्या दोन कसोट्या अशा सुखेनैव नांदतात. पगाराच्या फलकावर सर्वांत मोठा आकडा ठळक अक्षरांत झळकतो. प्रवेश किती जणांनी घेतला, उत्तीर्ण किती झाले, शिक्षणाशी सुसंगत काम किती जणांना मिळाले, याचा हिशेब शोधावा लागतो. एका भाग्यवंताच्या पगारावरून साऱ्या वर्गाचे भवितव्य ठरवू नये, हे संख्याशास्त्राचे बाळबोध तत्त्व आहे. ते पालकांपासून झाकून ठेवण्याला मार्गदर्शन कसे म्हणावे?

संस्थांना खर्च भागवावा लागतो, जाहिरातीवाचून जागा भरत नाहीत, असे यावर सांगितले जाईल. परंतु ही पाळी आली कशी? विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गळीत सुरू झाले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा लोणी, कोपरगाव व संगमनेर या सहकाराच्या पट्ट्यांतच अशी महाविद्यालये निघाली. ग्रामीण मुलाला पुण्या-मुंबईची वाट न धरता अभियंता होता आले, हे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच निर्णयाने शासनाने आपला भार कुटुंबांच्या माथी टाकला आणि विद्यार्थ्याचे गिऱ्हाईक झाले.

२०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शिक्षणशुल्क शासन भरते. हे पाऊल स्वागतार्हच आहे. तरीही खोलीभाडे आणि खानावळ यांचा प्रश्न उरतो. पाथर्डी-शेवगावकडून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड मजुराचा घामही या साखरेत मुरलेला आहे. त्याची मुलगी या मंडपापर्यंत पोहोचते काय?

विद्युतप्रवर्तनाचा हा नियम १८३१ साली शोधणारा मायकेल फॅरडे लोहाराचा मुलगा आणि पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार होता. दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने १८१२ साली डेव्हीची सप्रयोग व्याख्याने ऐकली आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. विज्ञानाच्या जाहीर प्रयोगांचे सामर्थ्य हे असे आहे. जागा भरण्यासाठी जमवलेल्या गर्दीची करमणूक म्हणून ते वापरणे हा त्या विद्यार्थ्यांच्या श्रमांचाही अवमान होय.

म्हणून कार्यकर्त्यांनी या मेळाव्यांकडे पाठ फिरवू नये. पालकांसमवेत मंडपात जावे आणि तीन गोष्टींचा आग्रह धरावा. गेल्या तीन वर्षांतील प्रवेश, उत्तीर्ण, नोकऱ्या व मध्यम पगार यांचे प्रमाणित आकडे प्रवेशद्वारावरच लावले जावेत. नगर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींतील कामगारांना व तरुण अभियंत्यांना कंत्राटी कामाची हकीकत त्याच व्यासपीठावरून सांगू द्यावी. आणि प्रयोगांची ही टेबले पाथर्डी-जामखेडच्या जिल्हा परिषद शाळांत, प्रवेशाचा हंगाम नसतानाही, मांडली जावीत.

प्रयोग मांडणारा सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी आपले म्हणणे निःशंकपणे तपासायला देतो. त्याच्या भवितव्याचा सौदा करणाऱ्यांनी तेवढे धैर्य दाखवावे, एवढीच मागणी आहे.