अकरा हजार मतं आणि एक सही

प्रत्येक मित्रकंपनीत असा एक नमुना असतोच. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरेल, पण ग्रीन कार्डाची प्रायॉरिटी डेट? झोपेतून उठवून विचारा, धडाधडा सांगेल. अमेरिकेत कोणी शिंकलं की याला इकडे सर्दी होते. आणि आपण त्याची टर उडवतो, ‘अरे सोड ना यार, तुझा व्हिसा काय डायरेक्ट व्हाइट हाऊसमधून येतो का?’

तर बॉस, येतो. म्हणजे अडतो तरी तिथेच.

पटत नसेल तर २०२०च्या डिसेंबरात चला. ३ नोव्हेंबरची निवडणूक डोनाल्ड ट्रम्प हरले होते. बायडन ३०६, ट्रम्प २३२. आता हरलेल्या माणसाने काय करायचं असतं? फोन करायचा, अभिनंदन म्हणायचं, सामान बांधायचं. ट्रम्पसाहेबांनी फोन केला, पण वेगळाच! २ जानेवारी २०२१ला त्यांनी जॉर्जिया राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना गाठलं. तिथे ते ११,७७९ मतांनी मागे होते. मागणी काय, तर मला ११,७८० मतं शोधून द्या. एक्झॅक्ट हिशेब, फक्त एक मत जास्त. आपल्याकडचा नगरसेवकसुद्धा इतकं स्पष्ट बोलत नाही.

गंमत म्हणजे रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे. पण गडी हलला नाही. मतं मोजून झाली होती, हाताने मोजून झाली होती, परत मशीनवर मोजून झाली होती. तोपर्यंत देशभरात साठेक कोर्टकेसेस गडगडल्या होत्या, सुप्रीम कोर्टाने ११ डिसेंबरलाच टेक्सासची याचिका बाहेर काढली होती. तरी सात राज्यांत ‘आम्हीच खरे इलेक्टर’ म्हणून कागद तयार झाले होते. म्हणजे फुल टू प्लॅनिंग.

हे सगळं टीव्हीवर आपण पॉपकॉर्न घेऊन पाहिलं. पण त्याच आठवड्यात आपल्या नमुन्याच्या आयुष्यात काय चाललं होतं, ते कुठल्या पॅनलवर आलं नाही. ते असं.

सीन एक. ३१ डिसेंबर २०२०. गच्चीवर थर्टी फर्स्ट चालू. त्या दिवशी हरलेल्या राष्ट्राध्यक्षांनी एक सही केली. जूनमध्ये त्यांनीच नव्या एच-वन-बी आणि एल-वन व्हिसावाल्यांची एन्ट्री थांबवली होती, ती मुदत त्या रात्री संपणार होती. ती वाढवून ३१ मार्च २०२१ केली. खुर्चीचे वीस दिवस उरलेत, निकाल उलटवायची खटपट चालू आहे, आणि मधल्या वेळात तुमच्या फ्लाइटचं तिकीट कॅन्सल!

सीन दोन जास्त दुखरा आहे. ग्रीन कार्डाचा फंडा माहितीये ना? नोकरीवर मिळणारी वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार. त्यात कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्के. भारताला जेवढी मर्यादा, तेवढीच आइसलँडला. आणि आकड्यात बायको-मुलंही धरतात. म्हणून रांग दशकांची. मूल २१ वर्षांचं झालं की आई-बापांच्या अर्जातून बाहेर फेकलं जाऊ शकतं. तिथेच वाढलेलं, शाळेत बेसबॉल खेळलेलं पोर, आणि स्टेटस काय, तर स्टुडंट व्हिसा शोध!

ही नोकरीवाली सात टक्क्यांची अट काढायचं बिल जुलै २०१९ला हाऊसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ असं दणक्यात पास झालं होतं. २ डिसेंबर २०२०ला सिनेटनेही आपलं व्हर्जन एकमताने पास केलं. इतक्या जवळ! फक्त दोन व्हर्जन्स जुळवायची बाकी होती. ती जुळलीच नाहीत. ३ जानेवारी २०२१ला जुनी काँग्रेस विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर बिलही गेलं. त्याच दिवशी जॉर्जियाच्या फोनची टेप बाहेर आली. हेडलाइन कोणाला मिळाली, ते सांगायला नको.

ट्रम्पमुळे बिल मेलं, असा आरोप मी करणार नाही. दोन सभागृहांच्या मसुद्यात खरंच फरक होते. पण कोणाला ते मिटवायची घाईही नव्हती. मत नसलेल्या माणसासाठी कोण रात्र जागवतो?

रात्र जागवली ती तीन दिवसांनी. ६ जानेवारीला जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला, खासदारांना पळावं लागलं, तरी रात्री ते परत बसले. १४७ रिपब्लिकन सदस्यांनी हरकतींच्या बाजूने मतं दिली, तरी पहाटे पावणेचारच्या सुमारास उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी निकाल जाहीर केला. आणि ८ जानेवारीला, काचांचा खच अजून ताजा असताना, राजपत्रात छापून काय आलं? एच-वन-बीची लॉटरी पगारानुसार करण्याचा नियम! सरकारी यंत्रणा हे एक अजब मशीन आहे, वरचा मजला जळत असला तरी तळमजल्यावर शिक्के पडत राहतात. तो नियम पुढे कोर्टाने रद्द केला आणि एन्ट्रीबंदी बायडन यांनी मार्चअखेर संपू दिली.

इथे एक गोष्ट मला सॉलिड खटकते. मतमोजणीचा १८८७चा कायदा ढिला होता, त्यातून हा लोच्या झाला. मग दोन्ही पक्षांनी मिळून डिसेंबर २०२२मध्ये तो दुरुस्त केला. उपराष्ट्राध्यक्षाचं काम फक्त औपचारिक, आणि हरकत घ्यायला प्रत्येक सभागृहातले एक पंचमांश सदस्य हवेत. दोन वर्षांत काम तमाम! आणि व्हिसाचा सांगाडा मात्र १९९०चा. म्हणजे आपण एसटीडी बूथवर रांग लावायचो तेव्हाचा. बायडन यांचं मोठं बिल २०२१ला आलं, पडून राहिलं. २०१३ला सिनेटने ६८-३२ने पास केलेलं हाऊसने मतालाच घेतलं नव्हतं. कायदा होत नाही, म्हणून मग सही चालते. एकजण करतो, दुसरा पुसतो, तिसऱ्या वेळी पहिलाच परत येतो.

तो आलाच. नोव्हेंबर २०२४ला ट्रम्प रीतसर जिंकले, ३१२ विरुद्ध २२६. (यावेळी मोजणीत कोणालाच घोळ दिसला नाही, हा निव्वळ योगायोग!) २० जानेवारी २०२५ला ६ जानेवारीच्या सुमारे १५०० आरोपींना माफी. आणि १९ सप्टेंबर २०२५, शुक्रवारी, पुन्हा एक सही. एच-वन-बीच्या अर्जावर एक लाख डॉलर. आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊनंतर लागू, तेही सर्वपित्रीच्या दिवशी! घटस्थापनेसाठी घरी आलेल्या लोकांना कंपन्यांचे मेल, लगेच परत या. तिकिटांचे भाव आभाळाला. मग शनिवारी खुलासा की फी फक्त नव्या अर्जांना आणि एकदाच. तोवर अनेकांनी बॅगा भरल्या होत्या.

आणि तो २०२१चा पगारवाला नियम आठवतोय? डिसेंबर २०२५मध्ये नव्या कपड्यांत परत आला. लेव्हल फोरच्या पगारवाल्याच्या लॉटरीत चार चिठ्ठ्या, लेव्हल वनवाल्या फ्रेशरची एकच. तेव्हा मार्चमध्ये तुमचा तो नमुना रजिस्ट्रेशनच्या टेन्शनमध्ये दिसला, तर टर उडवण्याआधी त्याची लेव्हल विचारा. आणि लेव्हल वन निघाली, तर कटिंग तुमच्याकडून.