फ्लेक्सच्या पाठीवर सापशिडी

ईदनंतरच्या रविवारी सांगलीत बहिणीकडे मुलं जमणार होती. साताऱ्याहून जाताना मी एक जुना फ्लेक्स नेला. पुढून कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, पाठ मात्र कोरी पांढरी. तिच्यावर दहा बाय दहा फुटांची सापशिडी आखली. फुटाचं एक घर, अशी शंभर. सोंगट्या म्हणजे मुलंच. फासा पुठ्ठ्याच्या खोक्याचा.

तो पाहून मामूजान म्हणाले, "फासा? हा हराम आहे."

हे हसण्यावारी नेऊ नये. फाशांच्या खेळाला मनाई करणारी हदीस आहे आणि पैसे न लावताही तो वर्ज्य मानणारे उलेमा आहेत. मला स्वतःला पैशांशिवाय जुगार दिसत नाही. पण मामूजान उठून गेले असते तर तो कसला ईदचा खेळ? फासा बाजूला ठेवला. मामूजान प्रश्न विचारणार. बरोबर उत्तराला तीन घरं पुढे.

खरा वाद फाशाचा नाहीच, घरांचा आहे. जुन्या मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या होत्या, दुर्गुणांचे साप. सूफींचेही असेच पट होते. बाजारातल्या पटावर नुसते आकडे उरलेत. म्हणून घरं मुलांनाच लिहायला दिली. शेजारी शीरखुर्मा पोचवला, शिडी. अम्मीचा मोबाईल लपवला, साप. सर्वांत लांब सापाच्या तोंडाशी एका मुलीने लिहिलं, 'न ऐकताच ओरडतात.'

मामूजाननी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग पुढचा प्रश्न विचारला, जरा हळू आवाजात.