विश्लेषण : ‘मला काही टेन्शन नाही’ म्हणणाऱ्याचं टेन्शन कसं मोजतात?

मोबाइलवर सात प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी आवरता आली नाही, वगैरे. उत्तरांची बेरीज ० ते २१ यांदरम्यान येते आणि चिंता किती, याचा अंदाज मिळतो. ही ‘जीएडी-७’ चाचणी जगभर वापरली जाते. पण ती चालते समोरच्याच्या शब्दावर. ज्याला स्वतःची भीती स्वतःलाच जाणवत नाही, त्याचा आकडाही कमीच येणार.

राग गिळणं आणि दमन यांत फरक काय?

साहेबांसमोर राग गिळणाऱ्याला आपण चिडलोय हे माहीत असतं. फ्रॉइडने सांगितलेल्या दमनात नकोशी भावना मनाच्या जाणत्या भागापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे हा माणूस खोटं बोलत नसतो. मोजमापाची खरी अडचण इथेच आहे.

मग मोजतात कसं?

१९७९ मध्ये वाइनबर्गर, श्वार्ट्झ आणि डेव्हिडसन या अमेरिकी संशोधकांनी दोन प्रश्नावल्या एकत्र वापरल्या. एक चिंतेची. दुसरी मार्लो-क्राउन यांची, ३३ विधानांची. आपल्याला कधीच कुणाचा तिटकारा आला नाही, असं सांगणाऱ्याला हिच्यात जास्त गुण मिळतात. चिंता कमी आणि हे गुणही कमी, तर माणूस खरोखर निवांत. चिंता कमी पण हे गुण जास्त, तर तो दमन करणारा.

मग ४० पुरुषांना काही साधी, काही लैंगिक किंवा आक्रमक आशयाची वाक्यं देऊन प्रतिसाद मागितला. त्याच वेळी हृदयाचे ठोके, त्वचेतील बदल आणि कपाळाच्या स्नायूंचा ताण नोंदवला. दमन करणाऱ्या गटाने स्वतःची चिंता निवांत गटापेक्षाही कमी सांगितली होती. शरीरावरचा ताण मात्र चिंता उघड सांगणाऱ्यांइतका किंवा त्याहून जास्त निघाला!

ही पद्धत किती पक्की?

दुसरी प्रश्नावली मुळात चारचौघांत चांगलं दिसण्याची धडपड पकडण्यासाठी होती. त्यामुळे जगाला फसवणारा आणि स्वतःला फसवणारा, दोघांनाही सारखेच गुण मिळू शकतात. शिवाय ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ अशा घरात वाढलेल्याची उत्तरं म्हणजे दमन की वळण? स्मार्टवॉचवरही भिस्त ठेवता येत नाही. ठोके दोन कप कॉफीनेही वाढतात.

जीएडी-७ ही प्राथमिक चाचणी आहे, निदान नव्हे. गुण शून्य आले तरी झोप उडाली असेल किंवा विनाकारण छाती धडधडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं.