इंटेल झीऑन की एएमडी एपिक? चिपच्या किमती सारख्या झाल्या, मग स्वस्त नेमकं काय?

जानेवारी २०२५ मध्ये इंटेलनं आपल्या सर्वांत मोठ्या सर्व्हर प्रोसेसरची किंमत फारसा गाजावाजा न करता कमी केली. 'झीऑन ६९८०पी' ही चिप सप्टेंबर २०२४ मध्ये १७,८०० डॉलर जाहीर किमतीला बाजारात आली होती. चार महिन्यांत ही किंमत १२,४६० डॉलरवर आली. म्हणजे थेट ३० टक्के कपात.

याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. झीऑननंतर दोनच आठवड्यांनी, १० ऑक्टोबर २०२४ रोजी, एएमडीनं 'एपिक ९७५५' आणला. कोअर तेवढेच, म्हणजे १२८. वीज तेवढीच, ५०० वॅट. आणि किंमत १२,९८४ डॉलर. बहुतेक कामांत जास्त वेगवान ठरणारी चिप पाच हजार डॉलरनं स्वस्त मिळत असेल, तर महाग चिप कोण घेणार?

आता दोन्हींच्या किमती जवळपास सारख्या आहेत. पण त्यामुळे निवड सोपी झालेली नाही. सर्व्हरच्या एकूण खर्चात चिपची किंमत हा एक भाग आहे, आणि बऱ्याचदा तो सर्वांत मोठा भाग नसतो.

ही स्पर्धा इथपर्यंत आली कशी?

तुम्ही यूपीआयनं पैसे पाठवता, रेल्वेचं तिकीट काढता किंवा मोबाइलवर सिनेमा पाहता, तेव्हा पलीकडे कुठल्या तरी डेटा सेंटरमधला सर्व्हर काम करत असतो. नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात अशी अनेक डेटा सेंटर आहेत. या सर्व्हरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्यात अनेक 'कोअर' असतात. प्रत्येक कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा एक कामगार समजा.

या बाजारावर अनेक वर्षं इंटेलची जवळपास मक्तेदारी होती. एएमडीनं जून २०१७ मध्ये एपिकची पहिली पिढी आणली, त्या वर्षी सर्व्हर बाजारात तिचा वाटा एक टक्काही नव्हता. २०२४ अखेर तो साधारण एक चतुर्थांशावर पोहोचला. २०२४ च्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत तर एएमडीच्या डेटा सेंटर विभागाची विक्री सुमारे ३.५ अब्ज डॉलर झाली, इंटेलच्या याच विभागाची ३.३ अब्ज. एएमडीच्या या आकड्यात एआयसाठीच्या चिपही धरलेल्या आहेत. तरीही सात वर्षांपूर्वी अशी तुलना कोणी मनावर घेतली नसती.

ग्राहकाला यातून काय मिळालं, हे एका साध्या भागाकारातून दिसतं. २०१९ मध्ये इंटेलची २८ कोअरची 'झीऑन प्लॅटिनम ८२८०' १०,००९ डॉलरला होती. म्हणजे एका कोअरला ३५७ डॉलर. त्याच वर्षी एएमडीचा ६४ कोअरचा 'एपिक ७७४२' ६,९५० डॉलरला आला, म्हणजे एका कोअरला १०९ डॉलर. आज एपिक ९७५५ मध्ये एक कोअर १०१ डॉलरला पडतो आणि कपातीनंतर झीऑन ६९८०पी मध्ये ९७ डॉलरला. तिपटीहून जास्त असलेली तफावत संपली. आणि ती एएमडीनं किंमत वाढवल्यामुळे नाही, तर इंटेलला खाली यावं लागल्यामुळे संपली.

दोन्ही चिपमध्ये फरक काय?

कागदावर दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. १२८ कोअर, २५६ थ्रेड, ५०० वॅट, मेमरीच्या १२ वाटा. एपिकमध्ये ५१२ एमबी एल-थ्री कॅश आहे, झीऑनमध्ये ५०४ एमबी. खरे फरक चार ठिकाणी आहेत.

पहिला, घड्याळाचा वेग. एपिकचा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ आहे, झीऑनचा २. एपिकचे कोअर तैवानच्या टीएसएमसीकडे तयार होतात, झीऑनचे इंटेलच्या स्वतःच्या कारखान्यात.

दुसरा, मेमरी. लग्नाच्या जेवणावळीत आचारी कितीही असले, तरी कोठीतून तांदूळ आणि भाजी वेळेवर आली नाही तर चुली रिकाम्या राहतात. कोअर आणि मेमरीचं नातं असंच आहे. झीऑन 'एमआरडीआयएमएम' या नव्या प्रकारच्या वेगवान रॅमवर चालतो. त्यामुळे त्याला सेकंदाला सुमारे ८४५ जीबी माहिती मिळू शकते. एपिकची कमाल क्षमता साधारण ६१४ जीबी आहे. मात्र ही वेगवान रॅम नेहमीच्या रॅमपेक्षा महाग असते आणि २०२५ च्या अखेरीस एकूणच रॅमच्या किमती झपाट्यानं वाढल्या आहेत.

तिसरा, एआयसाठीची खास सोय. झीऑनमध्ये 'एएमएक्स' नावाचा भाग आहे. एआय मॉडेल चालवताना लागणारे आकड्यांच्या चौकटींचे गुणाकार तो थेट करतो. एपिकमध्ये असा स्वतंत्र भाग नाही, पण त्याच्या कोअरमध्ये ५१२ बिटची गणितं एका दमात करण्याची ताकद आहे.

चौथा, जोडण्या. एकाच चिपच्या सर्व्हरमध्ये एपिक १२८ पीसीआयई मार्गिका देतो, झीऑन ९६. एका ग्राफिक्स कार्डाला १६ मार्गिका लागतात. म्हणजे सगळ्या मार्गिका कार्डांनाच दिल्या, तर एकीकडे आठ कार्डं बसतात आणि दुसरीकडे सहा. दोन चिपच्या सर्व्हरमध्ये मात्र हे उलटतं. तिथे झीऑनच्या १९२ मार्गिका होतात, तर एपिकच्या जास्तीत जास्त १६०.

मग वेगात पुढे कोण?

लिनक्सवर चाचण्या घेणाऱ्या फोरोनिक्ससारख्या स्वतंत्र संकेतस्थळांनी या दोन चिप समोरासमोर तपासल्या, तेव्हा एकूण हिशेबात एपिक स्पष्टपणे पुढे राहिला. वेब सर्व्हर, डेटाबेस, व्हिडिओचं रूपांतर, सॉफ्टवेअर तयार करणं ही रोजची कामं सतत एकसारखा वेग मागतात. तिथे एपिकच्या घड्याळाचा फायदा होतो.

झीऑन दोन ठिकाणी तगडी टक्कर देतो. ज्या वैज्ञानिक गणितांमध्ये मेमरीच अडसर ठरते तिथे, आणि ग्राफिक्स कार्डाशिवाय थेट प्रोसेसरवर एआय मॉडेल चालवायचं असेल तिथे. त्यासाठी सॉफ्टवेअर एएमएक्स वापरणारं असावं लागतं. ते तसं नसेल, तर त्या सोयीचे पैसे दिले तरी उपयोग होत नाही.

निवड कामावर अवलंबून असते, याचं उदाहरण एनव्हिडियाचं आहे. या कंपनीनं २०२० च्या 'डीजीएक्स ए१००' या एआय सर्व्हरमध्ये एएमडीचा एपिक बसवला होता. पुढच्या 'डीजीएक्स एच१००' मध्ये तिनं इंटेलचा झीऑन घेतला. तिथे मुख्य काम ग्राफिक्स कार्डं करतात. प्रोसेसरचं काम त्यांना माहिती पुरवण्याचं असतं.

पुण्यातली दोन यंत्रं काय सांगतात?

हा बदल पुण्यात एकाच संस्थेत पाहायला मिळतो. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा ४ पेटाफ्लॉपचा महासंगणक सुरू झाला. त्यात इंटेलचे झीऑन होते. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिथेच ११.७७ पेटाफ्लॉपच्या 'अर्क'चं उद्घाटन झालं. त्यात एएमडीचे एपिक आहेत. मान्सूनचा अंदाज अधिक बारकाईनं देण्यासाठी हे यंत्र घेतलं आहे. 'अर्क' आणि नोएडातल्या 'अरुणिका'चा मिळून खर्च ८५० कोटी रुपये आहे.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. 'अर्क'मधला 'एपिक ७६४३' हा २०२१ च्या पिढीतला आहे. उद्घाटनानंतर दोनच आठवड्यांत बाजारात आलेली एपिक ९७५५ ची पिढी त्यानंतरची दुसरी मोठी पिढी होती. सरकारी खरेदीत निविदा, मागणी, जुळणी आणि चाचण्या यांत काही वर्षं जातात. त्यामुळे आज पहिल्या क्रमांकावर कोणती चिप आहे, यापेक्षा निविदा भरताना कोणती चिप किती किमतीला आणि कधी मिळेल, हा प्रश्न अशा खरेदीत जास्त महत्त्वाचा ठरतो.

विजेचा हिशेब कसा होतो?

५०० वॅटची चिप पूर्ण भारावर वर्षभर चालली, तर ४,३८० युनिट वीज लागते. वातानुकूलन आणि इतर खर्चासाठी त्यात निम्मी भर घातली की आकडा ६,५७० युनिटवर जातो. युनिटचा दर ९ रुपये धरला, तर वर्षाला सुमारे ५९ हजार आणि पाच वर्षांत तीन लाखांच्या आसपास. एक डॉलर ८५ रुपये धरून चिपची किंमत साडेदहा ते अकरा लाख रुपये होते. म्हणजे पाच वर्षांची वीज ही चिपच्या किमतीच्या एक चतुर्थांशाहून थोडी जास्त.

दोन्ही चिपचे वॅट सारखे असल्यामुळे इथे फरक पडतो तो तेवढ्या विजेत किती काम होतं याचा. खरी बचत मात्र जुने सर्व्हर काढल्यावर दिसते. २०१९ ची ८२८० ही चिप २०५ वॅटची होती. नुसते कोअर मोजले, तरी नवी एक चिप तशा साडेचार चिपचं काम करते. जुन्या चार चिप ८२० वॅट खातात, नवी ५००. शिवाय नवा प्रत्येक कोअर जुन्यापेक्षा वेगवान आहे. जागा, केबल, देखभाल हे खर्चही घटतात.

सर्वांत मोठा खर्च कुठे लपलेला असतो?

सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये. अनेक कंपन्या कोअरच्या संख्येनुसार पैसे घेतात. 'विंडोज सर्व्हर २०२५ डेटासेंटर'चं १६ कोअरचं लायसन्स जाहीर किमतीनुसार ६,७७१ डॉलरला आहे. १२८ कोअरसाठी अशी आठ लागतात. बिल ५४,१६८ डॉलर, म्हणजे सुमारे ४६ लाख रुपये. चिपच्या किमतीच्या चौपट.

ओरॅकलच्या एंटरप्राइझ डेटाबेसचा हिशेब आणखी डोळे उघडणारा आहे. त्याचा जाहीर दर प्रति प्रोसेसर ४७,५०० डॉलर आहे आणि इंटेल किंवा एएमडीचे दोन कोअर मिळून एक प्रोसेसर धरला जातो. १२८ कोअरवर हा डेटाबेस चालवायचा, तर जाहीर दरानं ३० लाख डॉलरहून जास्त, म्हणजे साधारण २६ कोटी रुपये लागतील. १६ कोअरवर तोच खर्च सव्वातीन कोटींच्या आसपास राहतो. मोठ्या ग्राहकांना सवलत मिळते, पण हे प्रमाण फारसं बदलत नाही.

म्हणूनच एएमडीकडे 'एपिक ९१७५एफ' नावाची चिप आहे. कोअर फक्त १६, पण वेग ५ गिगाहर्ट्झपर्यंत आणि कॅश पूर्ण ५१२ एमबी. किंमत ४,२५६ डॉलर, म्हणजे एका कोअरला २६६ डॉलर. भागाकारात ही चिप महाग दिसते. पण लायसन्सचे पैसे कोअरवर मोजले जात असतील, तर हीच महाग चिप कोट्यवधी रुपये वाचवते. याउलट लिनक्स आणि पोस्टग्रेससारखी मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला १२८ कोअरची चिप फायद्याची पडते.

कंपनी बदलायची तर काय अडचण येते?

आधीपासून इंटेलचे सर्व्हर असलेल्या संस्थेला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एका सर्व्हरवर चालू असलेलं व्हर्च्युअल मशीन बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवण्याची सोय व्हीएमवेअरसारख्या यंत्रणांत असते. पण इंटेलवरून एएमडीवर किंवा उलट जायचं असेल, तर ते मशीन आधी बंद करावं लागतं. एखाद्या सहकारी बँकेनं तीन जुन्या इंटेल सर्व्हरशेजारी एक एपिक आणून ठेवला, तर अडचणीच्या वेळी ही सोय चालणार नाही. म्हणून कंपनी बदलायची असेल, तर पूर्ण संच बदलण्याची वेळ येईल तेव्हाच बदलणं शहाणपणाचं.

मग कोणी काय घ्यावं?

नवा संच घेणाऱ्या आणि रोजची मिश्र कामं असलेल्या संस्थेसाठी एपिकचं पारडं आज जड आहे. मेमरीवर अवलंबून असलेली गणितं, एएमएक्स वापरणारं एआय किंवा आधीचा इंटेलचा संच वाढवणं, यांसाठी कपातीनंतरचा झीऑन व्यवहार्य आहे. कोअरवर लायसन्स असेल, तर आधी सॉफ्टवेअरचं बिल काढावं आणि मग चिप निवडावी. कुठल्याही परिस्थितीत स्वतःचं काम दोन्ही सर्व्हरवर काही दिवस चालवून पाहणं हा सर्वांत स्वस्त विमा आहे. क्लाउडवर दोन्ही प्रकारचे सर्व्हर तासाच्या भाड्यानं मिळतात. ॲमेझॉनचं 'ग्रॅव्हिटन'सारखे आर्म पद्धतीचे प्रोसेसर हा तिसरा पर्यायही तिथेच तपासता येतो.

पुढचा प्रश्न ही स्पर्धा टिकेल का, हा आहे. २०२४ मध्ये इंटेलला सुमारे १८.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं कंपनीत जवळपास १० टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. एएमडीनं २०२६ साठी २५६ कोअरपर्यंतच्या 'व्हेनिस'ची घोषणा केली आहे, तर इंटेलची भिस्त स्वतःच्या '१८ए' या नव्या निर्मिती तंत्रावर आहे. इंटेल मागे पडली, तर आज एएमडीकडे झुकलेल्या ग्राहकालाही त्याची झळ बसेल. कारण २०१९ मध्ये ३५७ डॉलरला पडणारा कोअर शंभर डॉलरच्या आत आला, तो समोर दुसरं दुकान उघडलं म्हणून.