मोजणाराच आरोपी असेल तर?

सरकारी योजनेचे मूल्यमापन म्हटले की आकडे पुढे येतात. लाभार्थी किती, निधी किती, खर्च किती टक्के. पण हे आकडे कोणी मोजले, कोणाला विचारून मोजले आणि त्यातून कोणाची सुटका झाली? मूल्यमापनाची नीती या प्रश्नांत आहे, आणि नेमके हेच प्रश्न टाळले जातात.

हाताने मैला उचलण्याच्या अमानुष प्रथेचेच घ्या. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या कामात जुंपलेली ६३,७१३ कुटुंबे नोंदली गेली. पुढे २०१३ व २०१८ च्या सर्वेक्षणांत राज्यात ओळख पटली फक्त ६,३२५ व्यक्तींची, देशभरात ५८,०९८. पहिला आकडा फुगलेला होता असे कोणी म्हणेल. तसे असेल तर घरोघरी जाऊन तो खोडून दाखवा!

२०१३ च्या कायद्याने सर्वेक्षण नगरपालिका व पंचायतींकडे सोपविले. प्रथा सापडली तर ज्यांचे पितळ उघडे पडणार, तेच मोजणार. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे पहिले तत्त्व येथे गुंडाळून ठेवले आहे. आणि ज्याची रोजी मुकादमाच्या हाती, तो त्याच कचेरीत येऊन खरे कसे सांगणार?

यादीत नाव आलेल्यांना ४०,००० रुपये एकरकमी दिले गेले. पैसे वाटले, म्हणजे पुनर्वसन झाले? हातातला झाडू सुटला का, मुले शाळेत टिकली का, हे कोण पाहणार?

शब्दांचा खेळ तर त्याहून क्रूर आहे. हाताने मैला उचलल्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले. त्याच वर्षी गटारे व सेप्टिक टाक्या साफ करताना ९४१ कामगार मेल्याचेही मान्य केले. कायद्यात दोन कामांच्या व्याख्या वेगळ्या, म्हणून एका रकान्यात शून्य!

बाबासाहेबांच्या संविधानाने कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. या योजनांचे मोजमाप त्याच कसोटीवर झाले पाहिजे. आमची मागणी स्पष्ट आहे. तपासणी त्रयस्थांनी करावी, तीत सफाई कामगार असावेत, खरे बोलणाऱ्याचे नाव गुप्त राहावे आणि अहवाल वस्तीत वाचून दाखवावा.

चळवळीतील वकील व कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात आपापल्या नगरपालिकेची यादी मागवावी. ती घेऊन वस्तीत बसावे आणि राहिलेली नावे लिहून काढावीत. आपली माणसे आपणच मोजली नाहीत, तर शून्याचा हा रकाना असाच भरत राहील.