पाचारण देवाचे, खर्च कोणाचा?

'आम्ही मुलगा दिला, आता सेमिनरीचा खर्च महागुरूंनी पाहावा,' हे वाक्य आमच्या धर्मग्रामांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यातील अन्याय कोणाला टोचतही नाही. मुलगा एका घराने दिलेला असतो; धर्मगुरू मात्र साऱ्या गावाला हवा असतो. मग त्याच्या शिक्षणाचा भार साऱ्या गावाने का उचलू नये?

1563 साली ट्रेंटच्या परिषदेने धर्मप्रांतांना सेमिनऱ्या स्थापण्याचा आदेश दिला. गरिबांच्या मुलांना प्राधान्य द्यावे, श्रीमंतांच्या मुलांनी आपला खर्च सोसावा आणि सेमिनरीसाठी ख्रिस्तसभेच्या उत्पन्नातून वाटा काढावा, असेही तिने ठरविले. म्हणजे शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सेमिनरीच्या पायातच तो दगड बसविलेला आहे. पाचारणांची जोपासना हे संपूर्ण ख्रिस्ती समाजाचे कर्तव्य आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली बजावले.

हे कर्तव्य ओळखले ते दोन प्रापंचिक स्त्रियांनी. पैशाअभावी जपानी तरुणांना सेमिनरीत घेता येत नाही, असे नागासाकीच्या महागुरूंनी कळविले, तेव्हा फ्रान्समधील स्तेफनी बिगार आणि त्यांची कन्या जान यांनी आपले किडुकमिडुक मोडले. 1889 साली त्यातून उभी राहिलेली संत पेत्र प्रेषित संस्था आजही आशिया-आफ्रिकेतील सेमिनऱ्यांना हात देते. भारताचे धर्मगुरू भारतातच घडावेत म्हणून पोप तेरावे लिओ यांनी 1893 साली कँडी येथे पेपल सेमिनरी स्थापिली. 1955 साली ती पुण्यास आली. धर्मगुरू आपले झाले. परंतु त्यांच्या शिक्षणासाठी परक्यांच्या थैलीकडे पाहण्याची आपली सवय गेली का? 2020 च्या कायदादुरुस्तीनंतर तर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीस देणेही बंद झाले आहे.

आमच्याकडे पैसा नाही, असे म्हणण्यास जीभ रेटत नाही. फेस्ताचा मांडव, रोषणाई, लग्नातला बँड यांना पैसा कमी पडत नाही. उत्तम मेंढपाळाच्या रविवारी मात्र पेटीत सुटी नाणी वाजतात!

'मुलगा अर्ध्यावर परतला तर पैसा बुडाला ना?' अशीही शंका काढली जाते. पाचारण पारखणे हेच सेमिनरीचे काम आहे. प्रामाणिकपणे परतलेला तरुण सुजाण प्रापंचिक होतो. त्याला कर्जदार ठरविणे आम्हाला शोभत नाही.

आणि शिष्यवृत्ती केवळ भावी धर्मगुरूंनाच का? पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली धर्मशिक्षकाच्या सेवेला प्रापंचिकांची अधिकृत सेवा म्हणून मान्यता दिली, स्त्री आणि पुरुष दोघांसाठी. सेमिनरीतल्या मुलामागे निदान धर्मप्रांत उभा असतो. ईशज्ञान शिकू पाहणाऱ्या शिक्षिकेमागे, गृहिणीमागे कोण उभे आहे?

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामाच्या वार्षिक अंदाजपत्रकात शिष्यवृत्तीचे स्वतंत्र खाते असावे. त्यात सेमिनरीचे विद्यार्थी आणि प्रापंचिक दोघांचाही वाटा असावा. रक्कम थेट शिक्षणसंस्थेकडे जावी आणि हिशेब सर्वांसमोर वाचला जावा. दात्यांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या नकोत. घेणाऱ्याची मान त्यांच्याखाली वाकते.

पीक फार आहे पण कामकरी थोडे आहेत, अशी प्रार्थना आम्ही करीतच असतो. कामकऱ्याच्या शिदोरीचे काय, हे आता आम्ही स्वतःलाच विचारावयास हवे.